मागची शिवण

"टेप सरळ धर आणि आकडा मोठ्यानं वाच," दादा म्हणाले.

ते धाकट्या भावाच्या, शिंपी मास्तरांच्या, दुकानातल्या स्टुलावर ताठ उभे होते. छाती पुढे, हनुवटी वर, जणू आता कोणी येऊन पदक अडकवणार आहे. मास्तरांनी टेप कमरेभोवती फिरवली, पोटाच्या मध्यावर जुळवली आणि अंगठ्याजवळचा आकडा पाहिला. एकोणतीस, आणि वर अर्धा. त्यांनी अंगठा जरासा पुढे सरकवून आकडा झाकला.

"चौतीस."

"अर्धा-बिर्धा काही?"

"नाही. बरोब्बर चौतीस."

"बघ! रिटायर झालो तेव्हा चौतीस, आज अडुसष्टाव्या वर्षी चौतीस. लिही वहीत."

मास्तरांनी वहीत लिहिलं. लिहिलं मात्र खरं, एकोणतीस आणि अर्धा. बत्तीस वर्षांत त्या वहीत खोटं माप गेलं नव्हतं. आणि माणूस तोंडानं आणि हातानं एकदमच खोटं बोलायला लागला, की त्यानं धंदा बदलावा हे बरं.

दादा स्टुलावरून उतरले तेव्हा त्यांनी मास्तरांच्या खांद्याचा आधार घेतला. खुंटीवर कोट अडकवला तर खुंटीला जेवढं कळतं, तेवढंही वजन मास्तरांना कळलं नाही.

"हलतं तुझं स्टूल," दादा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"एक पाय आखूड आहे त्याचा."

स्टुलाचे चारही पाय ठणठणीत होते. पण दादांचं सगळं ठीक आहे असं दाखवायचं, तर दुकानातल्या एकेका वस्तूत खोट काढावी लागत होती. गेल्या महिन्यात आरसा वाकडा निघाला होता, त्याआधी दिवा पिवळा.

दादांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरात जाऊन विजेचे मीटर वाचले होते. मीटरला चुंबक लावून आकडा अडवून धरणारे महाभाग त्यांनी दारातूनच ओळखले होते. माणसं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि तत्त्वज्ञान एवढं आटोपशीर असलं की ते सगळीकडे लावता येतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि दादांनी ते जेवणाला लावलं. फ्रिजच्या दारावर यादी लागली. मीठ बंद. साखर बंद. तेल बंद. मग दूध, मग अंडी, मग संध्याकाळी सहानंतर फक्त पाणी. यादीत खायचं कमी आणि खोडायचंच जास्त.

सुरुवातीला त्याचा फायदाही झाला, हे नाकबूल करून चालणार नाही. दादांची ढेकर गेली, गुडघा वाकायला लागला, जिना एका दमात चढू लागले. तिथं थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण ज्याला अर्ध्या गोळीनं बरं वाटतं तो उरलेली बाटली टाकून देत नाही.

मग स्वभाव बिघडला. फळवाल्याशी सफरचंदावरच्या चिकट कागदावरून भांडण, शेजाऱ्याशी रेडिओवरून, टपालवाल्याशी तो शीळ वाजवतो म्हणून. एका जागी दहा मिनिटं बसवत नसे. उठायचे, खिडकी लावायचे, बसायचे, उठून तीच खिडकी उघडायचे. भर दुपारी स्वेटर घालायचे आणि वर म्हणायचे, "हल्ली उन्हात दम राहिला नाही." कोपऱ्यावरचे चष्मेवाले एकदा सहज बोलून गेले, "काय हो, वाळलात!" दादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच, आणि चष्मा दुसरीकडून करून घेतला.

नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांनी पहिला अर्धा इंच घेतला होता.

वहिनी गेल्यापासून दादांच्या कपड्यांचं बोचकं दर सोमवारी इस्त्रीला दुकानात येई. त्या सोमवारी मास्तरांना पँटच्या कमरपट्टीवर पट्ट्याची चुणी दिसली. पट्टा आवळून आवळून कापड मागे गोळा झालं होतं. सख्खा भाऊ शिंपी, आणि हा पोतं घालून फिरतो, असं गल्लीनं म्हणायचं? मास्तरांनी मागची शिवण उसवली, अर्धा इंच आत घेतली, वरून इस्त्री मारली. सांगायला गेले नाहीत, कारण चष्मेवाल्यांचं काय झालं ते ताजं होतं. दादांना पँट झकास बसली. दीड महिन्यानं पुन्हा चुणी दिसली. पुन्हा अर्धा इंच.

चौदा महिन्यांत असे नऊ अर्धे झाले. मागचे दोन खिसे सरकत सरकत एवढे जवळ आले की एकमेकांची ख्यालीखुशाली विचारू लागले, तेव्हा मास्तरांनी एक खिसा काढूनच टाकला. दादांना पत्ता नाही. स्वतःची पुढची बाजू माणूस दिवसातून दहा वेळा बघतो. मागची दुसऱ्यांच्या भरवशावर असते.

धंद्यातला माणूस चुकतो तो असा. आचाऱ्याला भुकेला माणूस दिसतो, डॉक्टरला आजारी दिसतो. शिंप्याला दिसतं ते न बसणारं कापड. अंग कधी चुकत नाही, चुकतो तो कपडा, असं मास्तरांच्या उस्तादानं त्यांना पहिल्याच दिवशी कात्रीची मूठ बोटांवर मारून शिकवलं होतं. मास्तरांनी ते इतकं नीट शिकून घेतलं की भाऊ डोळ्यांदेखत आटत गेला आणि ते शिवण सरळ आली म्हणून समाधान मानत राहिले.

अगदीच समाधान नव्हतं, म्हणा. त्याची नोंद दुसरीकडे होत होती. बटणांच्या खणात बिस्किटांचा पुडा आला. दोन चहांचे पाच झाले, साखर एकाची दोन चमचे झाली. गोड पोटात गेलं की अर्धा तास बरं वाटे. मग पाय जड, डोकं तापलेलं, आणि दोरा सुईत जाईना म्हणून सुईला शिव्या. चारनंतर मास्तरांकडे ट्रायलला जाऊ नये, टाचणी कापडाऐवजी माणसाला लागते, हे गिऱ्हाइकांना पाठ झालं. मास्तरांची कंबर पस्तीस होती ती साडेएकोणचाळीसवर गेली. म्हणजे दोघा भावांची मिळून एकोणसत्तर होती, ती एकोणसत्तरच राहिली. घरातलं घरात.

"आता नीट ऐक," दादा घाम पुसत म्हणाले. "पँट गडद रंगाची हवी. पुढच्या रविवारी पेन्शनर मंडळात माझं भाषण आहे. 'आहार आणि मी'. शेवटी मी पट्टा काढून दाखवणार. पट्टा नाही, काही नाही, तरी पँट जागची हलत नाही! चौतीस म्हणजे चौतीस!"

"पट्टा कशाला काढायचा, दादा? चारचौघांत?"

"पुरावा नको? चार जण तर आत्ताच माझ्या यादीवर आलेत. जुने कॅशियर आहेत ना, ते दूध सोडून बसलेत. आणि एक तारखेपासून माझा पुढचा टप्पा. चाळीस दिवस फक्त कोबीचं उकळलेलं पाणी."

"आणि कोबी?"

"कोबी टाकून द्यायचा."

मास्तरांनी खडू हातात घेतला, परत ठेवला, परत घेतला. "एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलंस तर—"

"तिला काय विचारायचंय? माप तू घेतलंस ना आत्ता? मग!" दादा दारापर्यंत गेले, परत आले, कात्री उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "आणि तुझं पोट बघ आधी. भाऊ म्हणून सांगायला लाज वाटते मला."

ते गेले आणि पाच मिनिटांत पुतणीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला, बापाशी रोज पडद्यावर बोलणारी.

"काका, बाबांचं माप घेतलं ना तुम्ही? मला फोटोत चेहरा उतरलेला वाटतो हो. पण ते म्हणतात चौतीस. मग कॅमेराच तसा असेल ना?"

मास्तरांनी घशातलं बिस्कीट गिळलं. "कॅमेराच असेल, बाळ."

"तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे मी. नाहीतर रजा टाकून आले असते कधीच."

फोन ठेवल्यावर मास्तरांना एका जागी उभं राहवेना. शिवणयंत्राला तेल दिलं. दिलेलं तेल पुसलं. टाचण्या मोजल्या. शेवटी दुकानाचं दार लोटून मागच्या खोलीत गेले. तिथं त्यांची बायको बटाटे सोलत होती. तिला गल्ली मास्तरीणबाई म्हणे, आणि ते उगीच नव्हतं.

"दादांना डबा पाठवलास का आज?" त्यांनी विचारलं.

"पाठवते की रोज. घासूनपुसून परत येतो. मला वाटायचं खातात." तिनं सुरी थांबवली. "परवा कळलं, शेजारचा कुत्रा खातो. मेला कसा गोलमटोल झालाय. त्याची कंबर नाही मोजलीत तुम्ही?"

मास्तर हसले नाहीत. मास्तरीणबाईंनी मान वर केली. "काय झालं?"

"साडेएकोणतीस."

"कोण?"

"दादा."

तिनं सुरी खाली ठेवली. "काहीतरीच काय. कपडे तर छान बसतात त्यांना."

"मी बसवतो म्हणून बसतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नऊ अर्धे, एक खिसा, झाकलेला आकडा, कॅमेरा. मास्तरीणबाईंनी तोवर अर्धाच सोललेला बटाटा तसाच पाण्यात सोडून दिला.

"अर्धा अर्धा इंचच घेत होतो गं," ते शेवटी म्हणाले.

"अहो, भाऊ साडेचार इंच गेला, आणि तुम्ही दोरा त्याच रंगाचा आहे का बघत बसलात?"

"सांगितलं असतं तर बोलणं टाकलं असतं त्यानं."

"मग टाकू द्यायचं होतं! रागावलेला दीर चालला असता मला." ती उठली, पदराला हात पुसले, पुन्हा बसली. "आता जाऊन सांगा. आत्ताच्या आत्ता."

मास्तर गेले, पण दादांच्या घरी गेले नाहीत. माप झाकण्याची सवय झालेल्या माणसाला ते तोंडानं सांगणं जमत नाही. या सोमवारचं बोचकं दुकानात तसंच पडलेलं होतं. सहा पँटी. मास्तरांनी दारावर 'बंद' अशी पाटी लावली, भर दुपारी खिडकीशी बसले आणि उसवायला लागले.

शिवायला चौदा महिने लागले, उसवायला चार तास. स्वतःचा टाका स्वतः उसवणं फार कटकटीचं. चांगला घातलेला असला तर जास्तच. ब्लेड दोनदा अंगठ्यात गेलं. बिस्किटांच्या खणाकडे हात गेला तो त्यांनी आपणच मागे घेतला. भूक कडाडून लागली, आणि दादांना दिवसभर असंच होत असेल असं मनात आल्यावर ब्लेड तिसऱ्यांदा लागलं.

प्रत्येक पँटच्या मागे, शिवण उघडल्यावर, एक गडद पट्टा निघाला. आत दडलेलं कापड उन्हात गेलं नव्हतं, विटलं नव्हतं. तेवढीच जागा नवीकोरी. इस्त्रीनं ती जात नाही. मास्तरांनी तरी इस्त्री केली, घड्या घातल्या आणि बोचकं दादांच्या दारात ठेवून बेल न वाजवता परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दादा आले. डाव्या हाताच्या मुठीत कमरपट्टी गच्च धरलेली, उजव्या हातात उरलेल्या पाच पँटी.

"कोणाच्या पँटी पाठवल्यास? कुठल्या हत्तीच्या?"

"तुझ्याच आहेत."

"माझ्या? सहाच्या सहा? डोळे फुटले का तुझे?" त्यांनी गठ्ठा कापायच्या टेबलावर आदळला. "पट्ट्याला भोक पुरेना! सगळ्या एका रात्रीत सैल होतात?"

"चौदा महिन्यांत झाल्यात. मी आत घेत होतो. काल सोडल्या."

दादांना ते लगेच कळलं नाही. त्यांनी एक पँट उलटी केली, मागचा गडद पट्टा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. मग मान वर केली.

"माझ्याच मीटरला चुंबक लावलंस तू."

"हो."

"आणि काल? चौतीस?"

मास्तरांनी मापाची वही उघडून पुढे सरकवली. बोलावं लागलं नाही, याचं त्यांना बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

दादा उभ्याउभ्याच वाचू लागले. आयुष्यभर वाचले तसेच. एक बोट आकड्यावर, एक तारखेवर, ओठ हलते. राग तोंडावर होता तसाच राहिला होता, फक्त त्याच्यातली हवा गेली होती.

"तेहतीस आणि अर्धा. या महिन्यात मी दूध सोडलं," ते म्हणाले. बोट खाली आलं. "तेहतीस. इथं अंडी." आणखी खाली. "इथं भात. बरोबर. इथं संध्याकाळचं जेवण." एकेका अर्ध्या इंचाला ते काय सोडलं ते लावत गेले, आणि हिशेब जुळतोय म्हणून क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुना मीटरवाला दिसलाही. मग बोट थांबलं.

"हे शेवटचे दोन कसले?"

"कसले म्हणजे?"

"या दोन महिन्यांत मी काही सोडलं नाही." दादांनी आवाज खाली आणला. "उलट... सकाळी ब्रेड खातोय मी. चार-चार स्लाइस. लोणी लावून. कोणाला बोलू नकोस, मंडळात तर मुळीच नको. भूकच अशी लागायची की हात थरथरायचे. म्हटलं चोरून खाल्लं तरी कंबर चौतीसच आहे, म्हणजे अंगाला लागत नाही, चालेल." त्यांनी बोट आकड्यावरून काढलं नाही. "खात होतो, तरी हे कमी का झालं?"

मास्तरांनी वहीवर वाकून तो आकडा पुन्हा वाचला. कापड कमी का पडतं ते त्यांना सांगता आलं असतं.

दादा खुर्चीवर बसले. उठले नाहीत, खिडकीकडे गेले नाहीत. कित्येक महिन्यांत ते असे बसलेले मास्तरांनी पाहिले नव्हते.

"तिचं वर्षभर सगळं मी मोजून दिलं," ते म्हणाले. वहिनींचं नाव ते काढत नसत, आताही काढलं नाही. "मीठ चिमटीनं, पाणी पेल्यानं. डॉक्टरांनी लिहून दिलं तसं. तरी गेली. मला वाटलं, मोजण्यात कुठंतरी चूक झाली असणार. म्हटलं, आता चूक करायची नाही."

आतून मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या हातात खोलगट ताटली होती. मऊ भात, वर वितळतं लोणी, बाजूला उकडलेला बटाटा. कापायच्या टेबलावर आजवर चहाचा कपसुद्धा टेकला नव्हता. त्यांनी कापड बाजूला सारलं आणि ताटली तिथंच ठेवली.

"खा."

"डॉक्टरकडे रिकाम्या पोटी जावं लागतं," दादा म्हणाले.

"म्हणजे जाणार आहात ना? मग झालं. तिथं काय सांगायचं ते मी सांगते. आणि पोट चौदा महिने रिकामंच आहे, आणखी किती रिकामं करणार? खा म्हणते ना."

दादांनी चमचा उचलला. पहिला घास तोंडात बराच वेळ राहिला.

"मीठ आहे याच्यात."

"जास्त झालं का?"

"नाही." त्यांनी मान खाली घातली. "बरोबर आहे."

पाच घास खाल्ले, सहावा अर्धा ठेवला. मास्तरीणबाईंनी आग्रह केला नाही. त्या आत जाऊन फोनवर पुतणीशी बोलायला लागल्या, दार उघडं ठेवून, म्हणजे ऐकू जावं. "कॅमेरा बरा आहे गं, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. तू ये."

दादा उठले. उठताना पँट घसरली आणि त्यांनी ती पुन्हा मुठीत धरली. मास्तरांनी सवयीनं सुई उचलली होती.

"थांब, दोन मिनिटं. उभ्याउभ्या टाका घालून देतो."

"नको."

"निदान दोरी तरी ओव.  लोक बघतील."

"बघू देत," दादा म्हणाले. "इतके दिवस तू बघू दिलं नाहीस कोणाला."

दवाखाना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता. सकाळची वेळ, दुकानं उघडत होती, ओळखीची माणसं दारं झाडत होती. दादा मधून चालले होते. डाव्या मुठीत कमरपट्टी, कापडाचा चांगला मोठा चुरगळा मुठीबाहेर आलेला. कोणी हाक मारली की ते उजवा हात वर करत, नेहमीसारखा, आणि पुढे जात. हाक मारणाऱ्यांचे हात मात्र वरच राहत. मास्तर एक पाऊल मागे होते. त्यांच्या डोळ्यांसमोर सबंध रस्ता फक्त तो एक गडद पट्टा चालत होता.

दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. पहिलीपाशी दादा थांबले. कठडा डाव्या बाजूला होता. त्यांनी कमरपट्टी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, नीट पकडली, मग डाव्या हातानं कठडा धरला. मास्तरांचा हात आपोआप पुढे झाला होता, मागून कापड चिमटीत धरायला.

त्यांनी तो खिशात घातला, आणि दादा चढेपर्यंत खालीच उभे राहिले.